जुनी मारुती ८००, रात्री रस्त्यावर उभी, बजेट तीन हजार. चोरीपासून कशी राखायची?

माचीपेठकर (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची मारुती ८००, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरची), एसी, एमएच-११ पासिंग. वडिलांनी घेतलेली, आता मी वापरतो. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, रिपासिंग झालेलं. अडचण पार्किंगची. आमच्या वाड्याची अपार्टमेंट झाली आणि खालची जागा दुचाकींनीच भरते, म्हणून गाडी रात्री बोळाच्या तोंडाशी रस्त्यावर. परवा त्याच ओळीतल्या एका गाडीची बॅटरी गेली, त्याआधी एकाची स्टेपनी.

मग मी आमच्या गाडीकडे जरा निरखून बघितलं. चावी इतकी झिजलीय की दाते नावालाच उरलेत. गंमत म्हणून मेहुण्याच्या जुन्या झेनची चावी लावून बघितली, तर दरवाजा उघडला! इग्निशन फिरलं नाही, पण थोडी खटपट केली असती तर फिरलं असतं असं वाटलं.

अ‍ॅक्सेसरीवाल्याने सेंट्रल लॉक, अलार्म आणि रिमोट मिळून जो आकडा सांगितला त्यात गाडीला चार टायर येतील. तीन हजारांच्या आत काय करता येईल, आणि त्यात आधी काय करावं? 'विकून टाक' हा सल्ला घरात फुकट मिळतो, तो इथे नको.

गोडोलीकर (सातारा)

८०० नेऊन चोर करणार काय राव? एसी लावून यवतेश्वरचा घाट चढायला घेतला तर वरती पोचेपर्यंत उजाडेल त्याला.

निवृत्त_हवालदार (कराड)

गोडोलीकर, हसू नका. नोकरीत असताना जुन्या गाड्यांच्या तक्रारी भरपूर बघितल्यात. चोराला गाडी मिरवायची नसते. एक तर ती भंगारात आणि पार्टमध्ये जाते. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, काचा सुटे केले की ओळख संपली, आणि जुन्या मारुतीच्या पार्टना गिऱ्हाईक कायम असतं. दुसरं म्हणजे अशी गाडी एखाद्या दुसऱ्या चोरीला वाहन म्हणून वापरतात आणि पेट्रोल संपलं की कुठंतरी माळावर सोडून देतात. तिसरा प्रकार रिकामटेकड्या पोरांचा.

नव्या गाडीच्या चावीत चिप असते. ती ओळखल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू होऊ देत नाही. माचीपेठकरांच्या गाडीत चावीचं काम तारा जोडण्यापुरतंच. म्हणून जुनी गाडी न्यायला सोपी, किंमत कितीही कमी असू दे.

शंभरफुटी (सांगली)

माझं वायरिंगचंच काम आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

माचीपेठकर, आधी चावी. कुलपाच्या आत पितळी पट्ट्यांची ओळ असते. चावीचे दाते प्रत्येक पट्टीला ठरावीक उंचीवर आणतात, तेव्हा कुलूप फिरतं. वीस वर्षांत चावी झिजते आणि पट्ट्याही झिजतात, मग कुठलीही जवळपासची चावी चालते. तुम्ही झेनच्या चावीने बघितलं ते हेच. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट मारून काही मिळत नाही, नव्या चावीत जुनी झीज उतरते. पूर्ण लॉकसेट बदला: इग्निशन, दोन्ही दरवाजे, डिकी, पेट्रोलचं झाकण. या गाडीचा सेट अजून मिळतो आणि बजेटचा मोठा वाटा त्यातच जाईल, पण बाकी सगळं त्याच्या नंतर. जुन्या चाव्या आणि सेटचं बिल जपून ठेवा. का, ते विमावाले कोणी असतील तर सांगतील.

मग चोर स्विच, म्हणजे बंद असला की गाडी चालूच होऊ न देणारा लपवलेला स्विच. इथं लोक हमखास घोळ घालतात, कारण कुठली वायर तोडायची हे गाडीवर अवलंबून असतं.

बरेच जण स्टार्टरची वायर स्विचवर घेतात. साताऱ्यात हे करून काय उपयोग? उतारांचं गाव. हँडब्रेक सोडला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की गाडी चालू, स्टार्टरला कोण विचारतो.

कार्बोरेटरची जुनी ८०० किंवा ओम्नी असेल तर इग्निशन कॉइलचा करंट तोडायचा, धक्का मारला तरी ठिणगी पडत नाही. पण तुमची एमपीएफआय आहे. तिथं फक्त कॉइल तोडली तर इंजेक्टर पेट्रोल सोडत राहतात, ते न जळता सायलेन्सरच्या कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जातं आणि ती खराब होते. चोर गेला तरी खर्च तुमचाच.

एमपीएफआयला पेट्रोल पंप तोडायचा. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा आवाज येतो बघा, तो टाकीतला पंप. त्याला एक रिले असतो, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेमधून पंपाकडे जाणाऱ्या जाड वायरला हात लावू नका, तिच्यातून पंपाचा सगळा करंट जातो आणि हलका स्विच तापून जळतो. रिलेच्या कॉइलची बारीक वायर असते, तिच्यातून अँपिअरचा पाचवा हिस्साही जात नाही. ती तोडून स्विचवर आणायची. बारकासा स्विच पुरतो, जादा रिले लागत नाही, साहित्य शंभर-दोनशेचं. जोडाला सोल्डर आणि वर स्लीव्ह पाहिजे. नुसती पीळ मारून टेप गुंडाळणाऱ्याकडून करून घेऊ नका. भर पावसात गाडी बंद पडली की शिव्या चोराला देता येत नाहीत.

यात एक फायदा असा की लाइनमध्ये थोडं पेट्रोल शिल्लक असल्याने गाडी चालू होते, आचके देते आणि बंद पडते. चोराला वाटतं गाडीतच बिघाड आहे. तो स्विच शोधायच्या भानगडीत पडत नाही, सरळ निघून जातो.

सीएनजी असेल तर गोष्ट वेगळी. सिक्वेन्शियल किटची गाडी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जाते, पण किटच्या स्विचवरून थेट गॅसवर चालू करायचीही सोय असते. त्यामुळे तिथं गॅसच्या ईसीयूचा (कॉम्प्युटरचा) करंटही तोडायला लागतो.

माचीपेठकर (सातारा)

शंभरफुटी दादा, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. स्विच लपवायचा कुठे? स्टिअरिंगखाली हात घातला की लगेच लागतो.

शंभरफुटी (सांगली)

तिथं अजिबात नको, चोर पहिल्यांदा तिथंच चाचपतो. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पट्टा लावल्यावर हात जिथं सहज पोचतो पण डोळ्याला दिसत नाही अशी जागा बघा. दुसरं म्हणजे गाडीत आधीच असलेलं एखादं बिनकामाचं बटण. मेलेल्या फॉग लाइटचं बटण हे त्याचं उत्तम उदाहरण. सगळ्यांना दिसतं, संशय कोणाला येत नाही. नेमकी जागा मात्र इथं लिहू नका हं.

हळदगल्ली (सांगली)

माझ्याकडे रीड स्विच आहे. काचेची बारकी नळी, जवळ लोहचुंबक आला की आतली पत्ती जुळते. ती डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली चिकटवलीय आणि वरच्या गणपतीच्या तळाला चुंबक. बाप्पा जागेवर बसले तरच पंप चालतो. रात्री बाप्पा घरात.

शंभरफुटी (सांगली)

कल्पना झकास, रस्ते तेवढे झकास पाहिजेत. मिरज रोडच्या एखाद्या खड्ड्यात मूर्ती अर्धा इंच सरकली की पंप बंद. रीड स्विच ठेवायचाच तर मूर्तीखाली खोबण करा म्हणजे ती हलणार नाही, आणि रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावा. नाहीतर दर वेळी करंट तुटताना ठिणगी पडते आणि नळीतली पत्ती चिकटून बसते. मग बाप्पा असोत नसोत, गाडी चालूच.

मिरजकर_ताई (मिरज)

मी रोज कुपवाड एमआयडीसीला वॅगनआर घेऊन जाते, जुनीच. चोर स्विचबद्दल माझं एकच म्हणणं, घरात जे कोणी गाडी चालवतात त्या सगळ्यांना तो दाखवून ठेवा. आमच्याकडे सासऱ्यांना सांगायचं राहिलं आणि ते दवाखान्याच्या दारात गाडी चालू होत नाही म्हणून अर्धा तास घामाघूम. मेकॅनिक आला, त्यालाही कळेना. आणि स्विच चालत्या गाडीत चुकून धक्का लागून बंद होईल अशा जागी नको. हायवेवर मागून ट्रक असताना पंप बंद पडला तर चोरी परवडली.

स्टिअरिंगला लावायच्या त्या पिवळ्या-लाल दांडीबद्दल: मी ती दोन वर्षं वापरली, मग सोडली. दांडी मजबूत असते हो, पण जुन्या गाडीचं स्टिअरिंगचं कडंच हॅकसॉने कापता येतं. कापलं की दांडी अलगद निघते. गिअर लॉक त्यापेक्षा बरा वाटला. बोल्ट गाडीच्या तळाला बसतात, लिव्हर रिव्हर्समध्ये अडकून राहते, आणि काम हात वळवण्याइतकं सोपं. फक्त त्याचे बोल्ट डोकं तुटणारे, म्हणजे एकदा आवळले की परत न उघडणारे आहेत ना, ते बघून घ्या. माझ्या आधीच्या लॉकला साधे नट होते, पाना लावून कोणीही काढला असता. आणि बसवताना पत्र्याला भोक पडतं तिथं गंज लागू नये म्हणून प्रायमर मारायला सांगा, स्वतःहून कोणी मारत नाही.

निवृत्त_हवालदार (कराड)

ताईंचं बरोबर आहे, पण दांडीला अगदीच मोडीत काढू नका. रात्री दोन वाजता ओळीत पाच गाड्या असतील तर ज्यात काही दिसत नाही ती आधी जाते. दांडी लांबून दिसते, हाच तिचा उपयोग. चोर स्विच दिसत नाही म्हणून काम करतो, दांडी दिसते म्हणून करते. दोन्ही असतील तर उत्तम.

बिनपैशाच्या गोष्टी आधी करा. गाडीचं तोंड भिंतीकडे आणि पुढची चाकं कडेला पूर्ण वळवून, गिअरमध्ये ठेवून लावा, म्हणजे नुसती ढकलून न्यायला त्रास होतो. दिव्याखाली जागा मिळत असेल तर दहा पावलं जास्त चाला. समोर कोणाच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्या दुकानदाराशी ओळख ठेवा. त्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, चोरी झाल्यावर पहिल्या सकाळीच ते मागायला पाहिजे. जादा चावी चाकाच्या वर चुंबकी डबीत ठेवायची खोड काही जणांना असते, ती मोडा. आणि मूळ आरसी बुक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, डिजिलॉकरमधली चालते. गाडीबरोबर कागद गेले की पुढच्या विक्रीची सोय आपणच करून दिल्यासारखं.

गोडोलीकर (सातारा)

हवालदार साहेब, ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली की चोरी थांबते म्हणतात. खरं का? ७४५ रुपये आणि वर जीएसटी भरून बसलोय.

निवृत्त_हवालदार (कराड)

चोरी थांबत नाही, पचवणं अवघड होतं. प्लेटवर होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो, तो आरटीओच्या नोंदीत तुमच्या गाडीला जोडलेला. स्नॅप लॉक तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडली की परत तशी बसत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना म्हणूनच ती सक्तीची केली. चोर ती फेकून साधी प्लेट लावतो, पण मग ती साधी प्लेटच नाकाबंदीत डोळ्यावर येते. एक सोपं काम आजच करा: चासी नंबर आणि इंजिन नंबर यांचे गाडीवरचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पोलीस ठाण्यात माणूस गडबडलेला असतो, तेव्हा आरसी शोधत बसायला नको. गाडीवर आतून कुठंतरी एखादी खूणही करून ठेवा. सीटखालच्या पत्र्यावर कोरलेली दोन अक्षरं कित्येकदा जास्त कामाला येतात.

विमा_सल्लागार (सांगली)

शंभरफुटी यांनी माझ्यासाठी जागा सोडलीच आहे तर लिहितो.

आधी माचीपेठकरांनी पॉलिसी काढून वाचावी. वीस वर्षांच्या गाडीवर बहुतेक लोक फक्त थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीची) घेतात. १००० सीसीच्या आतल्या खासगी गाडीला तिचा दर २०२२ मध्ये २,०९४ रुपये ठरला, वर १८ टक्के जीएसटी. पोलिसांनी अडवल्यावर ती चालते, पण गाडी चोरीला गेली तर तिच्यातून एक रुपया मिळत नाही. हे माहीत नसलेले लोक दर वर्षी माझ्यासमोर येऊन बसतात आणि 'विमा होता ना?' असं विचारतात.

चोरीसाठी पूर्ण पॉलिसी किंवा स्वतंत्र ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीची) लागते. पाच वर्षांपर्यंत गाडीची विमा किंमत ठरलेल्या घसाऱ्याने निघते. त्यापुढे ती तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. इथं थोडं भांडा. एजंट प्रीमियम कमी दाखवायला किंमत अगदी खाली आणून ठेवतो, मग चोरीनंतर हातात येतं तेवढंच. जुन्या गाडीला खासगी कंपन्या ऑनलाइन बऱ्याचदा नकार देतात. सरकारी कंपन्यांच्या शाखेत जाऊन गाडी तपासून घ्यायची तयारी दाखवा. थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी असं मर्यादित कव्हरही विचारून बघा. प्रत्येक शाखा देईलच असं नाही, पण देत असेल तर तुमच्यासारख्याला तेच परवडेल.

चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर गाडीला चावी लावून ठेवली होती का, असा संशय घेतात. म्हणून लॉकसेट बदललात तर जुन्या चाव्या, नव्या चाव्या आणि बिल सगळं ठेवा.

आडवाट (वाई)

आमच्या नातेवाइकांचा दावा अडकला होता कारण कंपनीला उशिरा कळवलं. पोलिसांत मात्र त्याच दिवशी तक्रार दिली होती.

विमा_सल्लागार (सांगली)

मग तो नुसत्या उशिरासाठी नाकारता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हेच सांगितलं. प्रकरण एका ट्रॅक्टरचं होतं. चोरी झाली त्याच दिवशी एफआयआर, पण विमा कंपनीला ५२ दिवसांनी कळवलेलं. न्यायालय म्हणालं, पोलिसांना लगेच कळवलं असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळू नये. तरी तुम्ही उशीर करू नका, नाहीतर हाच निकाल घेऊन वर्षानुवर्षं ग्राहक आयोगापुढे फिरायला लागेल.

उलट बाजूचं उदाहरणही सांगतो. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने एका चोरीला गेलेल्या बोलेरोचा दावा नाकारणं योग्य ठरवलं, कारण तिची तात्पुरती नोंदणी संपलेली होती आणि गाडी रस्त्यावर वापरात होती. जुन्या गाडीवाल्यांनी यातून आपलं समजून घ्या. पंधरा वर्षांनंतरचं रिपासिंग राहिलं असेल आणि गाडी गेली, तर कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवणार. माचीपेठकरांनी ते केलंय, बरं केलंय.

तपास लागला नाही तर पोलीस कोर्टात 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही. तो कागद आल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही. त्याला महिने लागतात, त्यामुळे ठाण्यात अधूनमधून चक्कर मारत राहायचं.

आणि 'अँटी थेफ्ट डिव्हाइस लावा, प्रीमियममध्ये सूट मिळेल' असं दुकानदार म्हणतो ना? सूट ओन डॅमेजच्या अडीच टक्के, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि एआरएआय (वाहन तपासणारी संस्था) मान्यतेचं उपकरण असेल तरच. तुमच्या गाडीला ती चहाच्या पैशाएवढी निघेल.

कास_पठार (सातारा)

कोणीच जीपीएस ट्रॅकरचं बोललं नाही? दीड-दोन हजारात मिळतो, मोबाइलवर गाडी दिसते. मला तर सगळ्यात तोच पटला.

मिरजकर_ताई (मिरज)

ट्रॅकर गाडी थांबवत नाही, कुठं गेली ते सांगतो. तोवर इंजिन सुटं झालेलं असेल तर चासीचं लोकेशन बघत बसायचं.

कास_पठार (सातारा)

ताई, रात्री गाडी हलली की मोबाइलवर लगेच सूचना येते. बोळातून बाहेर पडायच्या आत मी खाली उतरलेलो असेन.

निवृत्त_हवालदार (कराड)

खाली उतरून चोराला एकट्याने गाठायला जाऊ नका. ११२ ला फोन लावा, लोकेशन दाखवा, गाडीचा नंबर द्या. ते तीन असतात, तुम्ही बनियनवर एक.

शंभरफुटी (सांगली)

ट्रॅकर लावा, पण दोन गोष्टी बघून. स्वस्तातले बरेच ट्रॅकर टूजी सिमवर चालतात. जिओचं टूजी नाही, ते सिम घातलंत तर खोका मुका. दुसरी कंपनी घ्या किंवा फोरजी ट्रॅकर घ्या, आणि सिमचा रिचार्ज कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बंद ट्रॅकरपैकी बहुतेक बिघडलेले नसतात, त्यांचा रिचार्ज संपलेला असतो. कासच्या बाजूला आणि घाटात रेंजची बोंब आहेच, तिथं ट्रॅकर शेवटचं ठिकाण दाखवून गप्प बसतो.

दुसरं बॅटरीचं. ८०० ची बॅटरी ३५ अँपिअर तासांची. ट्रॅकर साधारण ४० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर तास गेला. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की बॅटरी अर्धी, आणि बॅटरी जुनी असेल तर सकाळी नुसती टिकटिक. रोज चालणाऱ्या गाडीला काही फरक पडत नाही.

किल्ल्यांना अडकवायचे ते ब्लूटूथ टॅग मात्र यासाठी घेऊ नका. जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या मोबाइलवर त्यांचं सगळं अवलंबून, रानात कोणाचा मोबाइल असणार? शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय हे मोबाइल स्वतःच सांगतो, म्हणजे चोरालाही.

आडवाट (वाई)

फास्टॅगचा एसएमएसही फुकटचा ट्रॅकर आहे. हायवेने पुण्याकडे गेला तर आनेवाडीचा टोलनाका, कोल्हापूरकडे गेला तर तासवडेचा. चोरी कळल्यावर घाईने टॅग बंद करू नका, आधी पोलिसांना सांगा. पैसे कापल्याचा मेसेज आला तर दिशा तरी कळते.

हळदगल्ली (सांगली)

चोर काचेवरचा टॅग सोलून टाकतो हो. आणि कोरेगाव-रहिमतपूरने आला तर टोलच नाही.

आडवाट (वाई)

सगळे चोर एवढे हुशार असते तर त्यांनी ८०० कशाला नेली असती.

ईको_डेअरी (विटा)

विषय जुन्या कारचा आहे, पण ईको आणि व्हॅनवाल्यांनी सायलेन्सर सांभाळा. आमचा रात्रीत कापून नेला. सकाळी दूध घालायला गाडी काढली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. आतल्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यासाठी. गाडी उंच, खाली सरपटत जायला जागा आहे. आता फॅब्रिकेशनवाल्याकडून खाली सळ्यांची जाळी वेल्ड करून घेतलीय, चासीला. कॅट तापते म्हणून बोटभर अंतर सोडायला सांगितलं, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला लावली, नाहीतर ईसीयू जातो.

गोडोलीकर (सातारा)

बॅटरी काढण्यावरून आठवलं. रोज रात्री बॅटरीचा निगेटिव्हच काढला तर? तो हिरव्या गोल खुंटीचा कट-ऑफ मिळतो दोन-अडीचशेला. स्विच नको, वायरिंग नको.

शंभरफुटी (सांगली)

चालतो, कार्बोरेटरच्या गाडीला तर छानच. एमपीएफआयला एक तोटा, रोज बॅटरी तोडली की ईसीयूने शिकलेलं आयडलिंग पुसतं आणि सकाळी पहिली दहा मिनिटं गाडी अडखळते. अलार्म, ट्रॅकरही सोबत मरतात. आणि चोराने बॉनेट उघडलं की खुंटी समोरच दिसते, फिरवली की झालं. गावाला जाताना महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर खुशाल वापरा, खुंटी काढून खिशात घाला.

काही जण पंपाचा फ्यूज काढून नेतात. रोज काढ-घाल केली की फ्यूजच्या खाचा सैल होतात, मग कनेक्शन तापतं. कधीमधी ठीक, सवय नको.

बॅटरीच चोरीला जाते त्यावर उपाय: बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीचे साधे नट काढून ॲलन बोल्ट टाका. चोराकडे दहा-बाराचा पाना असतो, ॲलन की क्वचित.

माचीपेठकर (सातारा)

सगळ्यांचे आभार. आजवर झालेलं सांगतो. लॉकसेट साताऱ्यातच मिळाला, मजुरीसकट दोन हजारांच्या थोडं खाली. जुन्या चाव्या आणि बिल वडिलांच्या फायलीत गेलं. पंपाचा स्विच ओळखीच्या वायरमनकडून, शंभरफुटी दादांचा मेसेजच त्याला वाचून दाखवला. आधी तो जाड वायर तोडायला निघाला होता. एक जुनी पिवळी दांडी मेहुण्याने दिली, झेनची भरपाई म्हणून. गिअर लॉक पुढच्या पगाराला. विम्याचं मात्र घोडं अडलंय, एका शाखेत 'इतकी जुनी घेत नाही' असं तोंडावर सांगितलं. सोमवारी दुसऱ्या शाखेत जातोय.

अलार्म मी विचारातून काढला. बोळात मांजरं इतकी आहेत की रोज रात्री मीच खाली उतरलो असतो, आणि आठवड्याभरात तो वाजला तरी कोणी खिडकी उघडली नसती.

बिसूर_रोड (सांगली)

धागा आत्ता वाचला. माझी इंडिका डिझेल, २००६ ची. तिला पंपाचा स्विच कसा बसेल?

शंभरफुटी (सांगली)

तुमच्या गाडीला तसा नाही. जुन्या डिझेलला ठिणगी लागत नाही, पंप इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. पंपावर एक सोलेनॉइड असतो, चावी बंद केली की तो डिझेल अडवतो. त्याचा करंट स्विचवर घ्यायचा. पण ती वायर इंजिनच्या बाजूला उघडी असते, जाणकाराला सापडते, म्हणून वर पत्र्याची टोपी बसवायची. नुसत्या स्विचवर विसंबू नका, तुम्हाला गिअर लॉक घ्यावाच लागेल. गाडी घेऊन या, पण रविवारी नको. आणि येण्याआधी बघा, तुमच्या इंजिनवर टर्बो आहे का साधं, त्यावर वायरिंग ठरेल.

बिसूर_रोड (सांगली)

साधं आहे. बुधवारी दुपारी येतो.